शेंदूर लावलेले सहा बोल्ट

फाल्गुन सरत आला की नगरचं ऊन मनावर घेतं. सकाळी दहालाच वाळत घातलेली चादर कडक होते, गल्लीत पाण्याचे टँकर फिरायला लागतात, आणि माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला एक जुनी ठणक जागी होते. डॉक्टरांना दाखवून झालं. ते म्हणतात, वय झालं. मी म्हणते, हो बाबा, झालं. उगाच वाद कशाला घालायचा? पण ती ठणक कुठली आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. ती बाहत्तर-त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली आहे, पाथर्डीच्या रस्त्यावरची. घरचे तिचं बिल दुष्काळाच्या नावावर फाडतात, पण ती आहे एका मोटारीची.

यंदा ती जागी व्हायला आणखी एक निमित्त झालं. पुण्याहून निखिल नावाचे एक गृहस्थ आले. पस्तिशीचे असतील, डोळ्यांवर महागाचा गॉगल, नखांत मात्र काळं ऑइल. जुन्या मोटारी विकत घ्यायच्या आणि पहिल्यासारख्या करायच्या, हा त्यांचा नाद. आमच्या दवाखान्याची ती लांबलचक अमेरिकन स्टेशन वॅगन त्यांना कुठल्याशा भंगाराच्या शेडमध्ये सापडली, आणि विचारत विचारत ते माझ्या दारात पोचले. चहाच्या टेबलावर त्यांनी एक फडकं उलगडलं. आत सहा आखूड बोल्ट होते.

"मावशी, इंजिनाच्या हेडला हे लावलेले होते. कंपनीचे नाहीत. आणि यांच्या आट्यांमध्ये हे लाल काय बसलंय? कोणालाच सांगता येत नाही."

मी एक बोल्ट उचलला आणि नखाने खरवडला. बारीक भुकटी पडली. इतक्या वर्षांनी तिला पाहून मला आधी हसू आलं आणि मग का कोण जाणे, फार दमल्यासारखं झालं. "शेंदूर आहे," मी म्हटलं. "बसा. हे सांगायला वेळ लागेल."

मी तेव्हा नगरातल्या एका लहान धर्मादाय दवाखान्यात नर्स होते. माहेर राहुरीकडचं, कालव्याच्या पाण्याचं. उसाच्या सावलीत वाढलेल्या मुलीला पाथर्डीची उघडी माळरानं पहिल्यांदा दिसली ती त्या वर्षी. दुष्काळी कामं निघाली होती. बाया-माणसं दिवसभर खडी फोडायची, पाझर तलावाची माती उपसायची, सरकारी वाटपातल्या सुकडीच्या खाण्याची वाट बघायची. ऊसतोडीला गेलेली घरंसुद्धा हंगाम संपवून त्याच कामांवर परत आलेली. आम्ही आठवड्यातले बरेच दिवस तिकडे जायचो: मी, औषधांची पेटी, दुधाच्या पावडरीचे डबे आणि ड्रायव्हर लक्ष्मणदादा. येताना मागच्या बाजूला गादी टाकून आजारी माणसं, अडलेल्या बाया नगरला आणायच्या. दुसरं वाहन नव्हतं. एसटी यायची तेव्हा यायची.

ती गाडी आमच्याकडचा एक परदेशी डॉक्टर मायदेशी जाताना ठेवून गेला होता. स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे लक्ष्मणदादा रस्त्याच्या कडेला बसायचा आणि उजवीकडे, जिथे एरवी ड्रायव्हर असतो तिथे, मी. गावोगावच्या लोकांना वाटायचं सिस्टरबाई गाडी चालवतात, आणि हात मांडीवर ठेवून चालवतात. पोरं मागे धावत यायची ती हा चमत्कार बघायला. पण त्यात एक जबाबदारी होती. पुढे बैलगाडी किंवा ट्रक असला की पलीकडचं लक्ष्मणदादाला दिसायचं नाही. तो विचारायचा, "मोकळं हाय का, सिस्टर?" मी मान बाहेर काढून बघायची आणि म्हणायची, "आहे, काढा." त्याचा उजवा डोळा म्हणजे मी होते, असं म्हणायला हरकत नाही.

लक्ष्मणदादा पाथर्डीकडचाच. बाप ऊसतोडीला जायचा, हा उसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि तिथेच ड्रायव्हर झाला. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. गळ्यात तुळशीची माळ. दारू सोडा, कांदासुद्धा एकादशीला चालायचा नाही. गाडीला तो "म्हातारी" म्हणायचा आणि तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.

त्या उन्हाळ्याचा वास अजून येतो. तापलेल्या रेक्झिनचा, दुधाच्या पावडरीचा, डेटॉलचा, आणि या सगळ्यांखाली आणखी एक, ज्याला आम्ही नाव दिलं नव्हतं. काचा बंद ठेवायला लागायच्या, कारण उघडल्या की फुफाटा आत. समोरच्या फळीखाली हवा यायची जाळी होती, तिच्यातून भट्टीसारखी झळ यायची. माझी आई उन्हाळ्यात खिडकीवर ओलं फडकं टांगायची. मीही तसंच त्या जाळीवर जुन्या पांढऱ्या लुगड्याचा ओला तुकडा बांधायची. तेवढाच गारवा. मग करंजीचा घाट लागेपर्यंत डोकं जड व्हायचं, मळमळायचं, डोळे मिटायला लागायचे. मागे गादीवरच्या बाईला उलटी व्हायची. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, वर ऊन, उलटी होणारच, असं मी धरून चालले होते. स्वतःबद्दलही तेच. त्या वर्षी दमलेलं नाही असं माणूसच नव्हतं. खडीवरच्या बाया बसल्या जागी पेंगायच्या, बैल उभ्याउभ्या पेंगायचे, दवाखान्याचा शिपाईसुद्धा घड्याळाला किल्ली द्यायला विसरायचा. एवढ्या थकव्यात आमचा थकवा वेगळा आहे हे कोणाच्या ध्यानात येणार?

मग चैत्रात एक दिवस घाट उतरताना लक्ष्मणदादाची मान छातीवर पडली. मीही पेंगत होते. दगडी कठड्याला गाडी घासली तेव्हा दोघे जागे झालो. मागे दोन आजारी बाया होत्या. कोणाला लागलं नाही. पण त्यांनी कामावर परत गेल्यावर सांगितलं, की ड्रायव्हर बोलताना बरळत होता, खाली उतरला तेव्हा झोकांड्या देत होता. खोटं नव्हतंच ते. मी पाहिलं होतं. त्याचे डोळे लाल होते, जीभ जड झाली होती, आणि तो रस्त्याच्या कडेला बसून ओकला होता. दारू प्यायलेला माणूस आणखी वेगळा काय दिसतो?

आमच्या मॅनेजरसाहेबांना तेवढं पुरलं. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा होता, आणि शिस्तीच्या माणसाला एकदा संशय आला की तो त्याची पद्धत बसवतो. त्यांनी हुकूम काढला, की पाथर्डीहून गाडी आली की ड्रायव्हरने आधी ऑफिसात यायचं. तिथे टेबलापाशी उभं राहून तोंड उघडायचं. मॅनेजरसाहेब खुर्चीतून उठायचे, नाक पुढे करायचे, वास घ्यायचे, आणि "जा" म्हणायचे. दार उघडंच असायचं. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. वास कधी आला नाही. त्यावर साहेबांचं म्हणणं असं, की हल्ली लोक लवंग चघळतात. पुन्हा काही झालं तर नोकरी जाईल, हेही सांगून ठेवलं.

मी साहेबांना म्हणाले, "साहेब, मी दिवसभर त्यांच्या शेजारी असते. हा माणूस पीत नाही."

"मग सिस्टर, तो का झुलतो?" साहेबांनी विचारलं. मलाही झुलल्यासारखंच व्हायचं, पण मी डुलले तर नाजूक आणि लक्ष्मणदादा डुलला तर दारुडा, हे साहेबांना सांगायचं मला सुचलं ते फार उशिरा.

एक दिवस निघताना पाहिलं तर त्याचा गळा मोकळा. माळ खिशात घातलेली, मण्यांचा उंचवटा दिसत होता.

"दादा, माळ का काढली?"

तो गिअर टाकत म्हणाला, "लोकं माज्याकडं बघत्यात, मंग माळंकडं बघत्यात. माजं काय व्हायचं ते होऊ दे. माळंला बट्टा कशापायी?" थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "सिस्टर, मला खरंच कळंना झालंय. न पिता मानूस पिल्यावानी व्हतो का? का मलाच काय झालंय?"

यापेक्षा वाईट मी त्या दुष्काळात काही ऐकलं नाही. भूक पाहिली होती, आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या बाया पाहिल्या होत्या. पण आपण काय केलं आणि काय नाही, हे स्वतःचं स्वतःलाच सांगता येऊ नये, ही दशा निराळी. मला त्याच्याकडे बघवेना.

कामावर गेलो की लोक आता गाडीपासून लांब उभे राहायचे. भामाबाई नावाची एक म्हातारी होती, खडीवरच्या बायांची पुढारीण. तिची थोरली सून अडली होती. मी म्हटलं, गाडीत घाला, उशीर करू नका. भामाबाई आडवी उभी राहिली. "त्या पिदाडाच्या गाडीत न्हाई घालायची माझी सून. घाटात मारायची हाय का?" लक्ष्मणदादा बाभळीखाली उभा होता, सगळं ऐकत. शेवटी सुनेला बैलगाडीतून पाथर्डीला नेलं. मी बरोबर चालत होते. सून वाचली, मूल नाही. भामाबाईने कोणाला दोष दिला नाही, मीही दिला नाही.

उलगडा झाला तो धुण्याच्या दगडावर. पाण्याची इतकी टंचाई की फडकी आठवड्यातून एकदाच धुवायची. गाडीच्या जाळीवरचं फडकं धुताना नेहमी तांबडी माती निघायची आणि मागे काळपट तेलकट डाग राहायचा. मी तो रस्त्याच्या डांबराचा समजायची. त्या दिवशी शेजारीच माझ्या खोलीच्या खिडकीवरचं फडकं होतं. तेही त्याच लुगड्याचं, त्याच वाऱ्यात टांगलेलं. त्यातून नुसती माती निघाली. काळं नाही. मी दोन्ही फडकी हातात धरून बसून राहिले. मग गाडीचं फडकं नाकाला लावलं. एसटी निघून गेल्यावर स्टँडवर जो वास रेंगाळतो, तो.

ते फडकं घेऊन लक्ष्मणदादा आणि मी रज्जाकभाईंकडे गेलो. रज्जाकभाई हे मूळचे विहिरीवरच्या इंजिनांचे मिस्त्री. त्या वर्षी विहिरी कोरड्या, इंजिनं गप्प, त्यामुळे ते दुकानात माश्या मारत बसलेले. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं पाहिलं. अमेरिकन गाडी त्यांनाही नवीच होती.

गाडीला एक हवेचा पंप होता. निखिलनी आता मला त्याचं कारण सांगितलं: तिकडे धूर स्वच्छ करायचा कायदा झाला होता. पंपाने प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या वाटेत ताजी हवा सोडायची, म्हणजे उरलेलं पेट्रोल तिथेच जळतं. त्यासाठी हेडमध्ये सहा भोकं आणि त्यात सहा नळ्या. आमच्या फुफाट्याने तो पंप केव्हाच अडकला होता. कुठल्याशा गॅरेजात त्याचा पट्टा काढून टाकला आणि नळ्या तशाच ठेवल्या. हवा आत जायची बंद झाली, पण भोकं उघडीच. मग गरम धूर उलटा त्याच वाटेने वर यायला लागला, नळ्यांचं रबर जळून तुटलं, आणि धूर बॉनेटखाली कोंडून जाळीतून थेट आमच्या तोंडावर. तिकडच्या लोकांची हवा चांगली राहावी म्हणून पाडलेल्या भोकांतून आम्ही धूर खात होतो. त्याला कोणी वाईट माणूस लागला नाही, थोडी धूळ पुरली.

रज्जाकभाईंना यातलं कारण ठाऊक नव्हतं. पण चालू इंजिनावर त्यांनी त्या तुटक्या नळीपुढे हात धरला आणि झटक्यात मागे घेतला. "ये देखो. सायलेन्सरचा धूर इथून येतोय."

लक्ष्मणदादा इतका वेळ मागे उभा होता. त्याने विचारलं, "ह्या धुरानं मानूस झुलतो का?"

"झुलतो? बंद खोलीत इंजिन चालू ठेवलं तर मरतो. आमच्या मिस्त्र्यांत एक असाच गेला."

लक्ष्मणदादा टायरला टेकून खाली बसला. टोपी काढून त्याने तोंड झाकलं. मी आणि रज्जाकभाई उगाचच पाने आणि पेचकस बघत राहिलो.

भोकं बुजवायची ठरली, पण बोल्ट बसेनात. अमेरिकन आटे वेगळे, आमचे वेगळे. मग नवे आटे पाडले. लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून आटे पाडायच्या टॅपला घट्ट ग्रीस फासायचं, थोडा फिरवायचा, काढायचा, पुसायचा, पुन्हा फासायचं. बोल्ट कापून आखूड केले, नाहीतर आत घुसून धुराची वाट अडवतील. मी उगाच तिथे स्टुलावर बसून होते. दवाखान्यात जायला हवं होतं, पण उठवत नव्हतं. शेवटी रज्जाकभाई म्हणाले, "आता शेंदूर आणा. आणि जवसाचं तेल."

पाइपाच्या जोडाला शेंदूर आणि जवसाचं तेल लावायची त्यांची जुनी रीत. तापून दगडासारखा होतो, धूर काय वाफही सुटत नाही. लक्ष्मणदादा पूजेच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारलं, "मारुती का म्हसोबा?" हा गडबडला. म्हणाला, "म्हातारीला पायजे." दुकानदाराला काय समजलं देव जाणे, त्याने चिमूटभर जास्तच बांधून दिला. रज्जाकभाईंनी सढळ हाताने लावला. बोल्ट आवळल्यावर प्रत्येकाभोवती शेंदराची गोल कड बाहेर आली. काळ्या इंजिनावर एका ओळीत सहा लाल ठिपके.

नंतरची पहिली फेरी मला लख्ख आठवते. घाट चढून उतरलो तरी माझं डोकं हलकं होतं. ऊन तेच, धूळ तीच, थकवाही होताच, पण तो साधा, कामाचा थकवा होता. लक्ष्मणदादा मध्येच म्हणाला, "सिस्टर, आज झाडं दिसत्यात." पाथर्डीच्या रस्त्याला झाडं होती किती? पण मला समजलं.

कामावर पोचल्यावर गाडी तापली म्हणून त्याने बाभळीखाली बॉनेट उघडून ठेवलं. मी बायांना जमवून धुराची सगळी हकिकत सांगितली. भोकं होती, धूर आत येत होता, आता बुजवली, ड्रायव्हर पीत नव्हता. माझ्या मते मी फार सोपं करून सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. तेवढ्यात भामाबाई उठली, गाडीपाशी गेली, बॉनेटमध्ये डोकावली. मागे वळून ओरडली, "अगं, शेंदूर हाय!"

मग एकेक बाई येऊन बघून गेली. भामाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि त्या सहा ठिपक्यांना हात जोडले.

"आजी, तो देव नाही," मी म्हटलं. "ते बोल्ट आहेत. धूर येऊ नये म्हणून..."

"धुराचं तुमचं तुमी बघा, बाई. शेंदूर लागलाय न्हवं? मंग आता काय भ्या न्हाई." आणि लक्ष्मणदादाकडे बघून म्हणाली, "तुला कायतरी बाधलं हुतं, लेका. आमी उगीच दारूवर घातलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगू का, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी मान हलवली, राहू दे म्हणून. माझ्या शास्त्राने जे झालं नाही ते शेंदराने होत असेल तर मी कशाला मध्ये पडू? आणि तसं पाहिलं तर भामाबाई चुकली कुठे? बाधलं होतंच. त्याच दिवशी तिने आपली धाकटी सून, सातव्या महिन्यातली, पाय सुजलेली, स्वतःच्या हाताने गादीवर आणून निजवली. चढण्याआधी तिच्याकडून इंजिनाला हात जोडून घेतले.

निखिल हे सगळं ऐकताना चहा प्यायचं विसरले. आता ते तो मूळचा पंप परदेशातून मागवणार आहेत, नळ्यांसकट, सगळं कंपनीने दिलं होतं तसं. मी म्हटलं, "करा, पण काच जरा उघडी ठेवत जा." ते हसले. बोल्ट त्यांनी माझ्याकडेच ठेवले. लक्ष्मणदादा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत थंडीतसुद्धा तो काच खाली करून गाडी चालवायचा, आणि शेजारचे कुडकुडत त्याला शिव्या द्यायचे.

मी मात्र एक गोष्ट निखिलना सांगितली नाही. त्या पहिल्या फेरीच्या संध्याकाळी भामाबाईच्या सुनेला वॉर्डात पोचवून मी ऑफिसावरून चालले होते. रज्जाकभाईंनी आदल्या दिवशीच साहेबांना धुराचं सांगितलं होतं. साहेब खजील झाले होते, तोंडाचा वास घ्यायची पद्धत बंद असा निरोपही त्यांनी पाठवला होता. तरी लक्ष्मणदादा नेहमीसारखा आत गेला. दार उघडं, बाकावर पेशंट. तो टेबलापाशी उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं.

"अहो, राहू दे आता," साहेब म्हणाले. "झालं ना सगळं स्पष्ट."

"न्हाई, सायेब. आज घ्या."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. बाकावरचे सगळे बघत होते. शेवटी ते खुर्चीतून उठले, नाक पुढे केलं, आणि खाली बघत म्हणाले, "काही नाही."

लक्ष्मणदादाने खिशातून माळ काढली, गळ्यात घातली, मणी नीट केले.

"रोजच काय नव्हतं, सायेब," तो म्हणाला, आणि गाडी धुवायला गेला.